लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताना: आधी स्लॉट, मग अँटेना, शेवटी स्क्रू

घरात २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आलेलं असतं. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की आकडा १८० च्या पुढे जातो, आणि त्याच टेबलावरचा चार-पाच वर्षांचा लॅपटॉप मात्र ३५-४० वर अडून बसतो. इंटरनेटवाल्याला फोन लावला की तो ‘आमच्याकडून सगळं बरोबर आहे’ म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. कारण गडबड असते लॅपटॉपच्या पोटातल्या छोट्याशा वायफाय कार्डाची. काही वर्षांपूर्वी स्वस्त लॅपटॉपांत रिअलटेकच्या आरटीएल८७२३डीई सारखी कार्डं सर्रास घातली जात. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, एकाच अँटेनावर चालतं, आणि त्याचा कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस. शेजारपाजारच्या राउटरांच्या गर्दीत ते २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर उतरलं की कागदावरचा वेगही ७२ होतो आणि हातात पडतो त्याच्या निम्मा. ३५ चा आकडा येतो तो इथून.

कार्ड बदलायला अर्धा तास पुरतो. पण चुका होतात त्या बहुतेक स्क्रू उघडण्याच्या आधी, खरेदी करताना. म्हणून या लेखात जास्त जागा निवडीला दिली आहे.

दोष कार्डाचाच आहे का?

मोबाइल आणि लॅपटॉप एकाच जागी, राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवून वेग मोजा. मोबाइलही रडत असेल तर कार्ड बदलून काही होणार नाही. राउटरची तार लॅपटॉपच्या लॅन पोर्टात घालून बघा. तारेवर पूर्ण वेग आला आणि वायफायवर नाही आला, तर शंका पक्की.

राउटरही तपासा. केबलवाल्याने फुकट बसवून दिलेले काही डबे अजूनही फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. सोसायटीत पंधरा-वीस राउटर असले की ते सगळे या तिघांतच दाटीवाटीने बसतात. शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह आणि तुमचा ब्लूटूथ माउसही तिथेच. ५ गिगाहर्ट्झला मोकळी जागा भरपूर आहे. भारतात २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला, त्यानंतर तर आणखीच. तेव्हा डबाच एका पट्ट्याचा असेल तर आधी तो बदला. नवं कार्ड जुन्या राउटरवर जुन्याच चालीने चालेल.

लॅपटॉपात सध्या कोणतं कार्ड आहे हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ खाली नावासकट दिसतं. ते कोणकोणत्या पिढीचं वायफाय बोलतं हे बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (netsh wlan show drivers) हे शब्द इंग्रजीत, मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा. ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ या ओळीत ८०२.११एन वरच गाडी थांबली असेल तर तुमचं कार्ड वायफाय ४ चं आहे. ‘एसी’ म्हणजे वायफाय ५ आणि ‘एएक्स’ म्हणजे वायफाय ६. आधीच दोन अँटेनांचं वायफाय ५ कार्ड असेल, म्हणजे कागदावर ८६७ एमबीपीएस, तर १०० किंवा २०० च्या कनेक्शनसाठी ते बदलण्यात काही अर्थ नाही. पैसे राउटर नीट जागी बसवण्यावर घाला.

स्लॉट कोणता?

इथे घाई करू नका. सगळ्यात आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. एचपी त्याला ‘मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड’ म्हणते, लेनोव्हो ‘हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल’, आणि डेलचं ‘सर्व्हिस मॅन्युअल’. तिन्ही कंपन्यांच्या साइटवर ते फुकट मिळतं. पाठ कशी उघडायची, कुठे किती स्क्रू आहेत, कार्ड कुठे बसलंय, त्याला अँटेनाच्या किती तारा येतात, हे सगळं त्यात चित्रांसह असतं. सुट्या भागांच्या यादीत त्या मॉडेलला कंपनी कोणकोणती वायफाय कार्डं लावते हेही दिलेलं असतं. त्या यादीत दोन अँटेनांचं चांगलं कार्ड दिसलं तर निम्मी चिंता तिथेच मिटते. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्यानंतर बघा. नाव सारखं असलेल्या दोन मॉडेलांचं पोट अगदी वेगळं असू शकतं, म्हणून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर जुळवा.

साधारण २०१४ पर्यंतच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट असे, ३० मिलिमीटर रुंद कार्डाचा. त्यानंतर एम.२ आला. वायफायचं एम.२ कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, म्हणून त्याला २२३० म्हणतात. कार्डाच्या सोनेरी कडेवर दोन खाचा असतात, ए आणि ई. बाजारातली बहुतेक कार्डं ‘ए प्लस ई’ असतात आणि दोन्ही तऱ्हेच्या स्लॉटांत जातात. शेजारीच दिसणारा लांब एम.२ स्लॉट बहुधा एसएसडीचा असतो. त्याची खाच वेगळी आहे, तिथे जोर लावू नका.

तिसरी तऱ्हा म्हणजे मदरबोर्डला डाखलेली चिप. बारीक, हलक्या लॅपटॉपांत ती आता फार दिसते. ती बदलता येत नाही. इंटेलच्या कार्डांच्या नावापुढे ‘एनजीडब्ल्यू’ असेल तर ते काढता येणारं २२३० कार्ड, आणि ‘डी२डब्ल्यू’ असेल तर डाखलेली चिप. ऑनलाइन खरेदी करताना हीच अक्षरं बघा, म्हणजे चुकून भलताच माल गळ्यात पडणार नाही.

आता खरी मेख. इंटेलची कार्डं दोन जातींची असतात. एका जातीचं कार्ड स्वतःत पूर्ण असतं आणि नेहमीच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गावर चालतं. दुसरी जात सीएनव्हीआय. तिच्यात रेडिओचा भाग कार्डावर असतो आणि बाकीचं डोकं इंटेलच्या चिपसेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये. दोन्हींचा आकार सारखाच आणि दोन्ही त्याच स्लॉटात छान बसतात. फक्त सीएनव्हीआय कार्ड एएमडीच्या लॅपटॉपात किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपात घातलं तर ते मुळीच दिसणार नाही. कार्ड खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडणारे बरेच जण इथेच फसलेले असतात.

एएक्स मालिकेत ओळखायची सोपी खूण अशी की शेवटी शून्य असलेली, म्हणजे एएक्स२०० आणि एएक्स२१०, ही साधी पूर्ण कार्डं. एएक्स१०१, एएक्स२०१, एएक्स२०३, एएक्स२११ आणि एएक्स४११ ही सीएनव्हीआय. ही खूण त्याआधीच्या पिढीला लावू नका, कारण तिथे ९२६० साधं आहे आणि ९५६० सीएनव्हीआय. बहुतेक नव्या इंटेल लॅपटॉपांच्या स्लॉटात दोन्ही जाती चालतात, पण काही मॉडेलांत फक्त सीएनव्हीआयच्याच तारा ओढलेल्या असतात. अशा लॅपटॉपात एएक्स२१० घातलं तरी ते मुकंच राहतं. सर्व्हिस मॅन्युअलच्या यादीत नुसती २०१, २११ अशीच नावं असतील तर सावध व्हा आणि त्याच जातीतलं कार्ड घ्या.

मग घ्यायचं कोणतं?

जुन्या, साध्या एम.२ स्लॉटच्या लॅपटॉपासाठी, प्रोसेसर इंटेल असो की एएमडी, माझं उत्तर एएक्स२१० हेच आहे. दोन अँटेना, १६० मेगाहर्ट्झपर्यंत चॅनेलची रुंदी, कागदावर २४०२ एमबीपीएस, सोबत ब्लूटूथ ५.३, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर कटकट नाही. लिनक्सला कर्नल, म्हणजे तिचा गाभा, ५.१० किंवा नंतरचा हवा. एएक्स२०० स्वस्त मिळालं तर तेही उत्तम, त्याला कर्नल ५.१ पासून आधार आहे. दोन्हींना ६४ बिट विंडोज १० किंवा ११ लागते. विंडोज ७ वर अडून बसलेल्यांनी इंटेल ७२६० सारखं जुनं कार्ड शोधावं.

एएक्स२१० हे वायफाय ६ई चं कार्ड आहे, म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टाही त्याला समजतो. त्यासाठी विंडोज ११ आणि त्या पट्ट्याचा राउटर लागतो. भारतात त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा २०२५ च्या मे महिन्यात निघाला. परदेशात राहणाऱ्यांना हा पट्टा आधीपासून मिळतो आहे. इथे मात्र या एकाच कारणासाठी जास्त पैसे मोजू नका. ६ई म्हणून घ्या, पण त्या पट्ट्याचा राउटर नसेल तोवर ते एक चांगलं वायफाय ६ कार्ड आहे असंच समजा.

वायफाय ७ चं बीई२०० दिसलं तर मोह आवरा. ते इंटेलच्या नव्या लॅपटॉपांसाठी ठीक आहे, पण अनेक एएमडी लॅपटॉपांत ते चालतच नाही. एएमडीवाल्यांना वायफाय ७ हवंच असेल तर मीडियाटेक किंवा क्वालकॉमचं कार्ड बघावं.

जुन्या थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपांत आणखी एक भानगड असते. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मान्य कार्डांची यादी भरलेली असते आणि बाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप चालूच होत नाही. थिंकपॅडवर ‘१८०२’ क्रमांकाची चूक झळकते आणि एचपीवर ‘१०४, अनसपोर्टेड वायरलेस नेटवर्क डिव्हाइस’ अशी पाटी येते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. बंद करून जुनं कार्ड घातलं की पुन्हा सुरू होतो. अशा मशिनसाठी कंपनीच्याच भाग क्रमांकाचं कार्ड शोधावं लागतं. बायॉस बदलून ही यादी उडवण्याचे उपाय नेटवर सापडतील, पण दोन हजारांच्या कार्डासाठी मदरबोर्ड पणाला लावू नये. नव्या मशिनांत हा त्रास क्वचितच दिसतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुन्या लॅपटॉपांतून काढलेली कार्डं स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण भिंग किंवा मोबाइलचा झूम लावून कार्डावरची अँटेनाची दोन गोल बटणं बघा. मधला बारीक खांब सरळ आणि भोवतीचं कडं गोल हवं. चेपलेलं कडं असेल तर कार्ड फुकट दिलं तरी नको.

अँटेनाच्या तारा किती?

या प्रश्नाकडे सहसा कोणी बघत नाही आणि निकाल मात्र यावरच लागतो. वायफायचे अँटेना कार्डावर नसतात. ते स्क्रीनच्या वरच्या कडेला किंवा कीबोर्डच्या आसपास चिकटवलेले असतात, आणि तिथून बिजागरीतून केसासारख्या बारीक तारा कार्डापर्यंत येतात. एका अँटेनाच्या स्वस्त कार्डासोबत कंपनी अनेकदा एकच तार घालते. कधी मात्र दुसरी तार आत असतेच, टोकाला प्लॅस्टिकची टोपी घालून कडेला दाबून ठेवलेली, कारण तेच कवच महागड्या मॉडेललाही वापरलेलं असतं. पाठ उघडल्यावर आधी ही दुसरी तार शोधा. ती सापडली तर तुमचं नशीब जोरावर आहे.

एकच तार असेल तरी नवं कार्ड चालतं. एका अँटेनावरचं वायफाय ६, ८० मेगाहर्ट्झला कागदावर ६०० एमबीपीएसपर्यंत जातं, म्हणजे २०० च्या कनेक्शनला पुरून उरतं. तार ‘मेन’ किंवा ‘१’ लिहिलेल्या बटणावर लावा. ब्लूटूथ अशक्त वाटलं तर तीच तार दुसऱ्या बटणावर लावून बघा. दुसरा अँटेना हवाच असेल तर चिकटपट्टीचे सुटे अँटेना मिळतात. ते प्लॅस्टिकच्या भागावर लावायचे, धातूच्या पाठीवर नाहीत, आणि बॅटरी किंवा पंख्यापासून दूर. बिजागरीतून नवी तार स्क्रीनपर्यंत नेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ते पूर्ण दिवसाचं आणि स्क्रीन फुटण्याच्या धोक्याचं काम आहे.

मिनी पीसीआय एक्स्प्रेसवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यांच्या तारांची टोकं एम.२ कार्डांच्या बटणांपेक्षा मोठी असतात. जुन्या टोकाचं नाव यू.एफएल, नव्याचं एमएचएफ४. मोठं टोक लहान बटणावर बसत नाही. जुन्या स्लॉटच्याच आकाराची वायफाय ६ कार्डं बाजारात आहेत, ती घेतली तर तारांचा प्रश्न येत नाही.

उघडण्याआधी

नव्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला लागणारा प्रोग्राम, इंटेलच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, वायफायचा आणि ब्लूटूथचा वेगवेगळा. विंडोज ११ बहुतेक वेळा स्वतःच काहीतरी लावते, पण नाही लावलं तर हाताशी असलेला बरा. हेही विसरलात तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज ते तारेचं नेटवर्क समजते आणि ड्रायव्हर उतरवता येतो.

साठवलेले वायफाय पासवर्ड विंडोज त्या-त्या कार्डाच्या नावावर ठेवते. कार्ड बदललं की ते पुन्हा टाकावे लागू शकतात, म्हणून घरचा पासवर्ड माहीत नसेल तर आधीच बघून ठेवा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते, आणि बायॉसमध्ये काही हलवलं की ती ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग-इन करून दुसऱ्या फोनवर लिहून घ्या. वॉरंटी चालू असेल आणि एखाद्या स्क्रूवर स्टिकर असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

लॅपटॉप खरंच बंद करा. नुसतं ‘शट डाउन’ दाबलं तर फास्ट स्टार्टअपमुळे तो अर्धवट झोपतो. शिफ्ट दाबून धरत ‘शट डाउन’ केलं की पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. थिंकपॅडच्या बायॉसमध्ये अंगातली बॅटरी बंद करायचा पर्याय असतो, तो वापरा. बाकीच्यांनी पाठ उघडल्याबरोबर पहिलं काम म्हणून बॅटरीचं कनेक्टर काढावं. नंतर पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीजही जाते.

प्रत्यक्ष बसवणं

टेबलावर जाड टॉवेल, चांगल्या टोकाचा लहान फुली स्क्रू ड्रायव्हर आणि एखादं जुनं प्लॅस्टिकचं एटीएम कार्ड, एवढं पुरे. पाठीचे स्क्रू लांबीने सारखे नसतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला तर तो कीबोर्डखाली उठाव आणतो. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला त्याच जागी चिकटपट्टीने लावत जा. एखादा कोपरा सुटत नसेल तर रबरी पायाखाली स्क्रू लपलेला असतो. जोर लावू नका, मॅन्युअल बघा.

पाठ निघाली की आधी कुठल्यातरी धातूच्या वस्तूला हात लावा, मग बॅटरीचं कनेक्टर काढा. कार्ड ओळखणं सोपं आहे, कारण काळी-पांढरी तार फक्त तिथेच जाते. तारा काढण्याआधी मोबाइलने जवळून फोटो घ्या, कुठल्या बटणावर कुठली तार आणि ती कुठून फिरवून आणली आहे, दोन्ही दिसतील असा.

तारेचं टोक मोहरीच्या दाण्याएवढं असतं. तारेला धरून ओढलंत तर तार आणि टोक वेगळे होतील, आणि ते जोडून देणारा कारागीर मिळणं कठीण. कड्याच्या खाली नख किंवा प्लॅस्टिकचं टोक घालून सरळ वर उचला. तिरकं नाही, फिरवून नाही. ही टोकं जेमतेम २०-३० वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेली असतात, म्हणून उगाच लावून-काढून बघण्याचा खेळ नको.

कार्डाचा एकच स्क्रू काढला की कार्ड आपोआप थोडं वर उचललं जातं. त्याच कोनात सरळ बाहेर ओढा. नवं कार्डही तसंच तिरकं आत सरकवा, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू टेकला की थांबा.

आता तारा. कार्डावर ‘१’ किंवा ‘मेन’ लिहिलेल्या बटणाजवळ सहसा पांढरा त्रिकोण असतो, ‘२’ किंवा ‘ऑक्स’ जवळ काळा. पांढरी तार पांढऱ्याला, काळी काळ्याला. राखाडी किंवा दुसऱ्याच रंगाच्या तारा असतील तर आपला फोटो बघा. टोक बटणावर नुसतं ठेवा, बोटाने हलकेच गोल हलवून ते बरोबर मध्ये बसलंय का ते अंदाजा, आणि मगच बोटाच्या पेराने सरळ खाली दाबा. नीट बसलं की बारीकसा ‘टक्’ जाणवतो. नाही जाणवला तर जोर वाढवू नका, उचलून पुन्हा ठेवा. वाकड्या टोकावर दाब दिला की कडं चेपतं, आणि हे काम बिघडतं ते नेमकं याच क्षणी. तारा परत त्यांच्या खोबणीतून न्या. पंख्याच्या पात्यांवर किंवा स्क्रूच्या खांबावर तार आली तर पाठ बंद करताना ती चिरडते.

पाठ लगेच लावू नका. बॅटरी जोडा, लॅपटॉप जपून सरळ करा आणि चालू करून बघा. कार्ड दिसलं, नेटवर्कं दिसली, ब्लूटूथचं बटण आलं, की बंद करून पाठ लावा.

विंडोजमधली मांडणी

ड्रायव्हर चढवला आणि नेटवर्क जोडलं की सेटिंग्जमध्ये वायफायच्या ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे प्रोटोकॉल, पट्टा, चॅनेल आणि लिंकचा वेग दिसतो. ५ गिगाहर्ट्झ आणि वायफाय ६ असेल, लिंक १२०१ असेल, तर दोन्ही अँटेना ८० मेगाहर्ट्झवर पूर्ण चालताहेत. राउटरशेजारी बसूनही लिंक ६०० च्या आसपासच असेल तर एक तार नीट बसलेली नाही, किंवा राउटरच तेवढाच आहे. लिंकच्या साधारण निम्मा ते साठ टक्के वेग प्रत्यक्षात मिळतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब आहे. तिथल्या पंचवीस गोष्टींपैकी दोनच हलवाव्यात. ‘प्रिफर्ड बँड’ ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, नाहीतर राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तेव्हा लॅपटॉप कधीकधी २.४ लाच चिकटतो. आणि घरात दोन राउटर किंवा मेश (एकमेकांशी जोडलेले अनेक राउटर) असेल, लॅपटॉप हॉलमधल्या राउटरला बेडरूमपर्यंत धरून बसत असेल, तर ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ एक पायरी वाढवा. बाकी सगळं आहे तसं सोडा. झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होत असेल तर ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही.

घरच्या नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ ठेवा, प्रिंटर आणि फाइली सापडतील. हॉटेल, कॉलेज, स्टेशन अशा ठिकाणी ‘पब्लिक’.

नाहीच चाललं तर

कार्ड कुठेच दिसत नसेल तर कारणं चारच: नीट आत गेलेलं नाही, सीएनव्हीआयचा घोळ आहे, बायॉसमध्ये वायरलेस बंद आहे, किंवा कडेचा अथवा कीबोर्डवरचा वायफाय स्विच बंद आहे. जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस मशिनांत स्विच चालू असूनही नवं कार्ड बंदच राहतं. त्या स्लॉटची २० क्रमांकाची पिन रेडिओ बंद करण्याचा इशारा देते. जाणकार लोक कार्डाच्या त्या एका पट्टीवर उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप लावतात. शेजारची पट्टी झाकली जाणार नाही एवढी टेप कापता येत असेल तरच हे करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ आला तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. तरीही तेच आलं तर लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी सोडवा आणि पॉवर बटण दाबून धरा. इंटेलच्या कार्डांवर हा साधा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

वायफाय उत्तम आणि ब्लूटूथच नाही, ही तक्रार वेगळी. साध्या कार्डावर वायफाय पीसीआय एक्स्प्रेसने चालतं आणि ब्लूटूथ त्याच स्लॉटातल्या यूएसबी मार्गाने. दोन वाटा, दोन ड्रायव्हर. ब्लूटूथचा ड्रायव्हर टाकूनही काही दिसत नसेल तर त्या लॅपटॉपच्या स्लॉटात यूएसबीची वाट ओढलेलीच नाही असं समजा आणि छोटा ब्लूटूथ डोंगल लावा.

लिनक्सवर इंटेलचं कार्ड बहुतेक वेळा काही न करता चालतं, फक्त फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, हवं. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ते इन्स्टॉलरमध्येच येतं.

ज्यांची चिप डाखलेली आहे त्यांच्यासाठी यूएसबी डोंगल. यूएसबी ३ चा, दोन पट्ट्यांचा घ्या. यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करतात, म्हणून डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलवर थोडा दूर लावा आणि नेटवर्क ५ गिगाहर्ट्झचं निवडा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतलं जुनं कार्ड ‘डिसेबल’ करा, नाहीतर विंडोज दोन्हींकडून जोडून बसते.

ऑफिस, होस्टेल किंवा कॉलेजच्या वायफायवर यंत्रांची नोंद मॅक पत्त्याने, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, होत असेल तर नव्या कार्डाचा पत्ता तिथे द्यावा लागेल. तो त्याच ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’मध्ये ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ म्हणून दिसतो. नोंदवण्याआधी त्या नेटवर्कसाठी ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद केलेलं असू द्या. जुनं कार्ड नव्याच्या पाकिटात घालून ठेवा, वॉरंटीत लॅपटॉप देताना तेच परत बसवून द्यावं लागतं.